अनुभव धागा : दाराशी आलेली मांजराची पिल्लं

उन्हाळा लागला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत मांजरी व्यायला लागतात. मीटरची खोली, जिन्याखालचा कोनाडा, महिनोन्महिने न हललेल्या गाडीचं कव्हर, कुठूनही बारीक आवाज येतो आणि कुणीतरी आमची बेल वाजवतं. तुमच्याकडेही असं होत असेल तर इथे लिहा. काय पाजलंत, रात्री कोण उठलं, आईचं काय केलंत, घरं कशी शोधलीत. जी वाचली नाहीत त्यांच्याबद्दलही लिहा. मध्यरात्री ओंजळीत पिल्लू येतं तेव्हा अशा बारीकसारीक गोष्टींचाच आधार असतो.

माझ्यापासून सुरुवात करते. पार्किंगमध्ये जुन्या टायरांमागे चार पिल्लं दिसली, डोळे न उघडलेली. मुलगी लगेच खोकं घेऊन निघाली. सासूबाईंनी तिला थांबवलं. "मांजर सात घरं फिरवते पिल्लांना. आधी आई कुठे आहे ते बघ." आम्ही जिन्याच्या खिडकीतून पाळत ठेवली. दिवेलागणीला मांजरी आली आणि तीन पिल्लांना एकेक करून मानेला धरून पलीकडच्या इमारतीत घेऊन गेली. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं सगळे सांगतात. आम्ही हाताळलेली पिल्लंही मांजरींनी परत नेलेली मी पाहिली आहेत.

चौथं मात्र तिथेच राहिलं. रात्र झाली, ती परतली नाही, आणि पिल्लू हाताला गार लागायला लागलं. मग उचललं. हे कृपा करून लक्षात ठेवा: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, त्याला ते पचत नाही. आधी ऊब. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली, अंग कोमट झाल्यावरच दूध दिलं. तेही मांजराच्या पिल्लांसाठी मिळते ती पावडर कालवून. गाईच्या दुधातली साखर त्यांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढासा जीव बघता बघता सुकतो. पाजताना पिल्लू पालथंच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. शिवाय साधारण तीन आठवड्यांची होईपर्यंत त्यांना सुसू-शी आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ते काम सासूबाईंनी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने केलं, कुणाला हात लावू दिला नाही. रात्रीची पाळी नवऱ्याची. मुलगी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करायची. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढ दिसली की आम्हा सगळ्यांना जेवण गोड लागायचं. तीच आमची चिंगी, आता फ्रिजवर झोपते.

नागपूरहून

आमच्याकडे कूलर हिवाळाभर गच्चीवर असतो. मार्च संपता संपता बाबा तो काढायला गेले तर आत वाळ्याच्या ताटीला टेकून मांजरी पिल्लांना पाजत बसलेली. बाबांनी झाकण लावलं आणि खाली आले. त्या वर्षी पिल्लं चालायला लागेपर्यंत पुढच्या खोलीत कूलर लागला नाही. नागपूरचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना हे काय आहे ते कळेल. बाबांनी वर एक पोतं बांधून सावली केली, दोन वेळा पाण्याचं भांडं भरलं. पिल्लं आम्ही पाळली नाहीत, पण सगळी जगली.

राजापूर तालुक्यातून

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या आधी लाकडं खोपीत भरताना भाटी (आमच्याकडे मांजरीला भाटी म्हणतात) कुठल्या कोपऱ्यात व्याली आहे ते आई आधी बघते, मगच मोळी टाकायला देते. आमची अडचण बोक्याची. परका बोका पिल्लं मारतो. म्हणून भाटीला पिल्लांसकट पडवीतल्या जुन्या कणगीत आणलं आणि रात्री वर झाकण. एका पिल्लाचे डोळे पुवाने पार चिकटले होते. कोमट पाण्याच्या कापसाने पापण्या सोडवल्या आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घातले. एका डोळ्यावर फूल राहिलं, पण उंदीर धरण्यात ते सगळ्यांच्या पुढे आहे.

कात्रजहून

मला लिहायला जड जातंय, तरी लिहिते. आमच्या घरात वाचवलेली तीन पिल्लं छान वाढत होती. एक दिवस त्यातलं एक जेवायला आलं नाही, पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसून राहिलं. मग उलट्या, मग जुलाब. डॉक्टरांनी पॅनल्युकोपेनिया सांगितलं, मांजरांना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. सलाईन, इंजेक्शनं, रात्रभर मांडीवर. दोन गेली. त्यांना माझ्या मुलाने नावं ठेवली होती, ती इथे लिहिणार नाही.

हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. चपलांवरून, कपड्यांवरून आत येतो. साध्या फिनाईलवर विसंबू नका. पाण्यात कालवलेल्या ब्लीचने फरशी, भांडी, खोकी धुवावी लागतात, आणि ते वाळेपर्यंत मांजर तिथे येऊ द्यायचं नाही. आता आमच्याकडे नवीन पिल्लू आलं की पहिले दोन आठवडे पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, वेगळी भांडी, वेगळा टॉवेल. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. एकही डोस चुकवू नका. तिसरं पिल्लू वाचलं. मोठं झालं आहे.

परळहून

चाळीत राहतो. पावसात पिल्लं स्कूटरच्या इंजिनाशी, टॅक्सीच्या बॉनेटखाली जाऊन बसतात. आमच्या मजल्यावरचे सगळे आता गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारतात. दोन गोष्टी काकुळतीने सांगतो. पिसवा झाल्या म्हणून कुत्र्यांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन त्यांना विषारी असतं. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही, त्याने मांजर मरतं. जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल जवळ आहे हे आमचं भाग्य.

कोल्हापूरहून

वरचं सगळं वाचलं, डोळे भरून आले. पण पिल्लं उचलून आईला तशीच सोडली तर दोन-अडीच महिन्यांनी त्याच कोपऱ्यात दुसरं वेत असतं. पोटात पिल्लं साधारण दोन महिने राहतात, आणि अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. तिची पोर चार-पाच महिन्यांची झाली की तीही. आमच्या वाड्यात एकाच मांजरीची लेकरं, नातवंडं, पतवंडं फिरत होती. त्यातली निम्मी रस्त्यावर मेली. शेवटी आत्याने मनावर घेतलं. पिंजऱ्यात सुकट ठेवून रोज दार उघडंच ठेवायची. मांजरीला तिथे खायची सवय लागल्यावर एके दिवशी दार पाडलं. नसबंदी करून आणली, टाके भरेपर्यंत न्हाणीघरात ठेवली, आणि होती तिथेच सोडली. खर्च चार बिऱ्हाडांनी वाटून घेतला. डॉक्टरांकडून कानाचं टोक थोडं कापून घ्या, म्हणजे तीच मांजर पुन्हा कुणी पकडून टेबलावर घेणार नाही.

न्यू जर्सीहून

इथे आम्ही शेल्टरची पिल्लं काही आठवडे घरी सांभाळतो. साधारण ९०० ग्रॅम भरली की नसबंदी होते आणि मगच दत्तक जातात. कोल्हापूरच्या आत्यांना नमस्कार सांगा.

पुन्हा ठाण्याहून

कात्रजच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही कालच बाथरूम रिकामं केलं. मीटरच्या खोलीतली दोन पिल्लं आज तिथे आहेत. एक पिवळा बोका, एक तिरंगी, म्हणजे मुलगीच असणार. दोघांना एकाच घरात द्यायचं आहे, कारण एकटं पिल्लू दिवसभर हाताशी खेळून चावरं होतं. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी असेल, आणि वयात यायच्या आधी नसबंदी कराल, तरच विचारा. डोंबिवली ते मुलुंड आम्ही स्वतः आणून देऊ.