छळ सोसलेल्या निर्वासितांच्या कथनात तफावत आढळल्यास काय करावे?

प्रश्न (समाजकार्य विद्यार्थिनी, नागपूर): प्रबंधासाठी मी गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत मुलाखती घेत आहे. तुरुंगात छळ सोसून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पहिल्या भेटीत घटनांचा जो क्रम सांगितला, तो दुसऱ्या भेटीत बदलला, आणि बोलताना त्यांचा चेहरा अगदी निर्विकार होता. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही मुलाखत अविश्वसनीय ठरवून वगळावी. हे योग्य आहे का?

उत्तर १ (मनोविकारतज्ज्ञ, धंतोली): कृपया वगळू नका. कोसोवो व बोस्नियातून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या दोनदा घेतलेल्या मुलाखतींचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटे बोलून पदरात काही पडणार नव्हते. तरीही एकाच व्यक्तीच्या दोन कथनांत तफावत निघाली, आणि ती बारीकसारीक तपशिलांत अधिक होती. ज्यांचा आघातोत्तर ताणविकार (भीषण अनुभवानंतर जडणारा मानसिक विकार, पीटीएसडी) तीव्र होता, त्यांच्यात दोन मुलाखतींमधील अंतर वाढले तशी तफावतही वाढली. डोळ्यांवर पट्टी, एकांतकोठडी आणि झोपेविना काढलेल्या रात्री यांत दिवस-रात्रीचे भानच उरत नाही. मग वास, आवाज, वेदना लख्ख आठवतात, पण त्यांचा क्रम लागत नाही. निर्विकार चेहऱ्याचे म्हणाल, तर भावनिक बधिरता हे याच विकाराचे लक्षण आहे. छळाची कथा सांगताना माणसाने रडलेच पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे चित्रपटांनी रुजवली असावी.

उत्तर २ (वकील, नागपूर खंडपीठ): डॉक्टरसाहेबांशी सहमत आहे, परंतु एक मर्यादा नोंदवतो. लक्षणे कथनाशी जुळतात एवढे तज्ज्ञ सांगू शकतो. छळ नेमका कोणी केला, हे लक्षणांवरून सिद्ध होत नाही. छळाच्या तपासणीसाठी १९९९ मध्ये तयार झालेला आणि २०२२ मध्ये सुधारलेला इस्तंबूल प्रोटोकॉल (संयुक्त राष्ट्रांची नियमपुस्तिका) मार्गदर्शकांना अवश्य दाखवा. कथनातील विसंगती म्हणजे खोटेपणा असे थेट मानू नये, हे त्यात स्पष्ट आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, मात्र त्याला अद्याप अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी) दिलेले नाही.

उत्तर ३ (समुपदेशक): मला चिंता प्रबंधाची नाही, त्या आजोबांची आहे. तुम्ही परतल्यावर त्या रात्री त्यांना झोप लागली का, हे कोणी विचारले? बंद खोलीत, दाराकडे पाठ करून बसवून, एकामागून एक प्रश्न विचारले की त्यांना तो चौकशीचाच प्रकार वाटू शकतो. दुभाषी त्याच वसाहतीतला असेल, तर लैंगिक छळासारखी गोष्ट ते कदाचित कधीच बोलणार नाहीत. कोठे बसायचे आणि केव्हा थांबायचे, हे त्यांना ठरवू द्या.

प्रश्नकर्ती: दुभाषी त्यांच्या शेजारचेच आहेत. तिसऱ्या भेटीपूर्वी दुसरी व्यक्ती शोधते, आणि क्रमाविषयी आता विचारणार नाही. दोन्ही कथने प्रबंधात जशीच्या तशी ठेवण्याविषयी मार्गदर्शकांशी बोलते.