शाळेचा जुना वेबफिल्टर: 'चालतोय तोवर चालू द्या' म्हणणाऱ्यांसाठी

सर्व्हरराखण
शाळेच्या संगणकांवरच्या धाग्यात काल एकाने डॅन्सगार्डियन या जुन्या वेबफिल्टरबद्दल लिहिलं: "डॅन्सगार्डियन अजून मस्त चालतो. फुकट आहे, पोरांना घाण दिसत नाही. अपडेट बंद झाले म्हणून सॉफ्टवेअरला काय बुरशी येते?" दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून हा वेगळा धागा.

हो, येते. डॅन्सगार्डियन पानावरच्या शब्दांना गुण देतो, बेरीज हद्दीपलीकडे गेली की पान अडवतो. कल्पना झकास होती. पण पान एचटीटीपीएसवरून, म्हणजे कुलूपबंद जोडणीवरून, आलं की मजकूर त्याला दिसतच नाही, फार तर साइटचं नाव कळतं. आणि आता जवळपास सगळंच एचटीटीपीएसवर आहे. उरल्या अडवायच्या साइटच्या तयार याद्या. त्यातली शाल्लाची यादी २०२२ मध्ये बंद पडली. त्यानंतर निघालेल्या साइट कोण अडवतंय? पोरांना घाण दिसत नाही हे तुम्हाला लॉगवरून कळलं, की पोरांनी सांगितलं?

खडूमास्तर
मीच तो 'एकाने'. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. पुढचं वाक्य सोयीस्कर गाळलंत: आमच्याकडे नेटवर्क बघणारा माणूस म्हणजे मीच, गणिताचे तास संपल्यावर. आणि विकतचं घेऊन काय दिवे लागतात? मायक्रोसॉफ्टच्या फोरफ्रंट टीएमजी या विकतच्या सॉफ्टवेअरचं साइट-वर्गीकरण ३१ डिसेंबर २०१५ ला बंद झालं, उरलासुरला सपोर्ट १४ एप्रिल २०२० ला. पैसे मोजणारेही बसले बोंबलत.

सर्व्हरराखण
विकत घ्या असं म्हटलंय कुठे? ई२गार्डियन डॅन्सगार्डियनमधूनच निघाला, फुकट आहे, त्यावर काम चालू आहे. यादी तुलूझ विद्यापीठाची घ्या, तीही फुकट. पैशाचं कारण बाद.

पेशीभित्तिका
तुमचं नवं-जुनं चालू द्या. मी जीवशास्त्र शिकवते. स्तनाच्या कर्करोगाचं पान अडतं, प्रजननसंस्थेची आकृती अडते, आणि मागच्या बाकावर व्हीपीएन लावून, म्हणजे फिल्टरला बगल देऊन, गेम सुरू असतो. आकृती उघडून घ्यायला अर्ज करायचा, तो मंजूर होईस्तोवर धडा संपलेला. फिल्टर फक्त शिक्षकांना लागू आहे.

तिरपा कोन
मूळ गोम कोणीच काढत नाही. एचटीटीपीएसच्या आतलं वाचायचं तर प्रत्येक यंत्रावर शाळेचं रूट सर्टिफिकेट बसवावं लागतं, म्हणजे शाळेने दिलेलं कुठल्याही साइटचं ओळखपत्र ते यंत्र खरं मानतं. मग पोरांचे मेल, मास्तरांचे बँकेचे पासवर्ड, सगळं मधल्या पेटीत, म्हणजे फिल्टरच्या मशीनमध्ये, उघडं. याला फिल्टर म्हणायचं की पाळत?

सर्व्हरराखण
बँका, दवाखाने वगळता येतात. दोन ओळींचं काम.

तिरपा कोन
वगळता येतात! वगळतं कोण? माझ्या मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर शाळेने सर्टिफिकेट टाकलं, शाळा बदलली तरी ते तिथंच. त्याची खासगी किल्ली, म्हणजे अशी ओळखपत्रं बनवायचं गुपित, कुठल्या पॅच नसलेल्या पेटीत पडलीय देव जाणे. ती ज्याच्या हाती लागेल तो कुठलीही साइट असल्याचं सोंग घेऊ शकतो.

सर्व्हरराखण
म्हणजे अपडेट बंद झालेली पेटी धोक्याची. अभिनंदन, माझाच मुद्दा.

तिरपा कोन
शब्द माझ्या तोंडात कोंबू नका. कनेक्शन मध्येच उघडूच नका, हा माझा मुद्दा. डीएनएसवर, म्हणजे यंत्र साइटचा पत्ता विचारतं तिथेच, अडवा. गूगलचा सेफसर्च, म्हणजे घाण निकाल गाळणारा शोध, डीएनएसमधूनही सक्तीचा करता येतो.

सर्व्हरराखण
डीएनएसवर अख्खी साइट अडते, एकटं पान नाही. ब्राउझरने डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस लावलं, म्हणजे पत्त्याची विचारणाही कुलूपबंद केली, की तेही बंद करत बसा. पण ठीक आहे, मुलांच्या स्वतःच्या यंत्रांवर सर्टिफिकेट नको. एवढं मान्य. खूश?

तिरपा कोन
उपकार झाले.

खडूमास्तर
दोघे पाळतीवर भांडताय. आमची पेटी काही उघडून बघत नाही, म्हणून ती सुरक्षित, असं धरू ना?

सर्व्हरराखण
तेवढ्यापुरती धरा. पण उघडून बघणारी जुनी पेटी काय करते ते ऐका. साइटना फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ज्यावर टेकायची त्या जुन्या रूट सर्टिफिकेटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. एका शाळेत जुन्या ओपनएसएसएलवरच्या (सर्टिफिकेटं तपासणारं सॉफ्टवेअर) फिल्टरने धडाधड चांगल्या साइट अडवल्या. तिथल्या महाभागाने सर्टिफिकेट तपासणीच बंद केली. आजही बंद असेल. खोटी साइट, खरी साइट, सगळं पास.

खडूमास्तर
तो महाभागही तासांनंतर एकटाच बसला असेल, हे तुमच्या डोक्यात येणार नाही. असो. सुट्टीत एका पडीक मशीनवर ई२गार्डियन लावून बघतो, आधी फक्त प्रयोगशाळेपुरता. तुमचं पटलं म्हणून नव्हे. शाल्लाची यादी बंद झाल्याचं मला कोणी बोललंच नव्हतं.

पेशीभित्तिका
लावताय तर अपवादांची यादी शिक्षकांना बदलता येईल असं करा. नाहीतर मी पण व्हीपीएन टाकते.