पहिला गेम फॅन गेमच करावा आणि तो लोकांना द्यावा (मतं हवीत, विरोधी असली तरी)

पिक्सेलवेडा (धागाकर्ता):

माझा पहिला पॉइंट अँड क्लिक गेम (माउसने क्लिक करत वस्तू शोधायच्या, कोडी सोडवायची) पूर्ण झालाय, तोही फॅन गेम, म्हणजे जुन्या गेममधलीच पात्रं घेऊन चाहत्याने केलेला. लुकासफिल्म गेम्सचा १९८७ चा मॅनियाक मॅन्शन आठवत असेल, त्यातलं डॉक्टर फ्रेडचं घर, हिरवा टेंटॅकल (चालती-बोलती सोंड) आणि बर्नार्ड हा पोरगा एवढं घेऊन केलेला एक छोटा एपिसोड. टेंटॅकलला बँड काढायचाय हे मूळ गेममध्येच आहे, माझ्या एपिसोडमध्ये त्याला पहिला कार्यक्रम मिळतो आणि ऐन वेळी घरातले लाइट जातात. पाच खोल्या, पाऊण तासाचा खेळ, फुकट. एका ओळखीच्या ग्रुपवर दाखवला तर लगेच ऐकायला मिळालं की दुसऱ्याची पात्रं घेऊन केलेल्या गेमला काय किंमत, स्वतःचं काहीतरी कर, आणि हा जाहीर तर टाकूच नको. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे लिहितोय.

पहिल्या गेममध्ये शिकायचं किती असतं ते बघा. खोलीचं चित्र काढून भागत नाही, पात्र कुठे चालू शकतं तो भाग वेगळा रंगवायचा, टेबलामागे गेलं की पाय झाकले जायला हवेत म्हणून टेबल पुन्हा वेगळं रंगवायचं, चारही दिशांना चालण्याचं ॲनिमेशन, आणि मग कुणी टॉर्च घेऊन फ्रिजवर वापरला, पडद्यावर वापरला, टेंटॅकलवर वापरला, तर प्रत्येक ठिकाणी काहीतरी उत्तर लिहून ठेवायचं. हे सगळं चालू असताना जगही नवीन, पात्रंही नवीन, गोष्टही नवीन उभी करायची म्हटली तर माणूस पहिल्या खोलीतच अडकतो. बर्नार्ड हुशार आणि घाबरट आहे हे खेळणाऱ्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे मला माझा सगळा जीव कोड्यांवर लावता आला. गाणं शिकताना आपण आधी गुरुजींची बंदिशच घोटतो ना, पहिल्याच दिवशी स्वतःची रचना कुणी मागत नाही.

आणि ही काही माझी कल्पना नाही. जर्मनीतल्या चाहत्यांनी २००४ पासून मॅनियाक मॅन्शन मॅनिया नावाने हेच केलंय, खोल्या आणि पात्रं तयार असलेलं एक स्टार्टर पॅक ठेवलं आणि कुणीही यावं, आपला एपिसोड करावा. शंभरावर एपिसोड झालेत, कितीतरी जणांचा तो पहिलाच गेम. बहुतेक सगळं एजीएसमध्ये, म्हणजे ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे ख्रिस जोन्सने १९९७ मध्ये काढलं आणि आजही फुकट मिळतं.

द्यायचा का, तर द्यायचाच. आपलं कोडं अवघड आहे की अन्यायकारक आहे हे आपल्याला कधीच कळत नाही, उत्तर माहीत असतं ना. ते अनोळखी माणूस खेळल्यावरच कळतं.

जुना_खेळाडू:

ठाम असहमत.

एजीएसचंच उदाहरण घ्यायचं तर बेन क्रॉशॉ घ्या, २००३ मध्ये फाइव्ह डेज अ स्ट्रेंजर केला, फुकट वाटला, पण घर त्याचं, चोर त्याचा, भूत त्याचं. फ्रान्सिस्को गोंझालेझने २००४ पासून बेन जॉर्डनची मालिका फुकट दिली, नायक स्वतःचा, आणि पुढे २०१८ मध्ये लॅम्पलाइट सिटी विकायला काढला तेव्हा त्याच्यामागे स्वतःचं नाव होतं. डेव्ह गिल्बर्टचा द शिव्हा तर एजीएसच्या महिन्याच्या स्पर्धेसाठी केलेला छोटा गेम, नायक कोण तर न्यूयॉर्कमधला एक ज्यू रब्बाय, असा नायक कुठल्या फॅन गेममध्ये सुचला असता? तोच त्याने २००६ मध्ये वाढवून विकला आणि त्यावर कंपनी उभी राहिली. तुमचा टेंटॅकल कितीही छान जमला तरी तो तुमच्यासोबत पुढे येणार नाही, कारण तो तुमचा नाहीच.

दुसरं म्हणजे जुन्या गेमवर प्रेम करताना त्यांच्या चुकाही उचलल्या जातात. किंग्ज क्वेस्ट ५ (१९९०) या जुन्या ॲडव्हेंचर गेममध्ये मांजर उंदरामागे लागते, त्या क्षणी बूट फेकून मारला नाही तर पुढे तळघरात दोरी कुरतडायला उंदीर येत नाही आणि तुम्ही कायमचे अडकता, कुठे चुकलं तेही कळत नाही. मी स्वतः असले गेम खेळून मोठा झालोय आणि मला ते आवडतात, तरी नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये.

आणि बंदिशीचं म्हणाल तर घोटायची ती रियाजात. लोकांसमोर बसताना नाही.

पिक्सेलवेडा:

लोकांसमोर बसल्यावरही बंदिश जुनीच असते की, शंभर वर्षांपूर्वीची असते. ऐकणारे बढत, म्हणजे गायक ती कशी फुलवतो ते, ऐकायला येतात.

चुकांबद्दल उलट सांगतो. त्याच किंग्ज क्वेस्टचे पहिले दोन भाग चाहत्यांनी २००१ आणि २००२ मध्ये नव्याने केले, आधी टिएरा नाव होतं, मग एजीडी इंटरॅक्टिव्ह झालं. त्यात कायमचं अडकणं बंद करायचा पर्याय दिलाय. म्हणजे मूळ कंपनीने जे केलं नाही ते चाहत्यांनी केलं, आणि करू शकले कारण कुठे काय खुपतं हे त्यांना खेळून खेळून पाठ होतं. तीच मंडळी पुढे हिमालया स्टुडिओज काढून स्वतःचा अल एमो घेऊन आली. त्यांचा स्वतःच्या गेमचा रस्ता फॅन गेमवरूनच गेला.

कलम_बावन्न:

मी वकील आहे, गेमही खेळते, म्हणून एकच गैरसमज दूर करते. "फुकट आहे म्हणून चालतं" असं कायद्यात कुठेही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क मूळ मालकाकडे आहे. कलम ५२ मध्ये सूट आहे ती खाजगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी. तुम्ही घरी केलात, मित्राला दाखवलात, ते एक. जगाला डाउनलोडला ठेवलात, ते वेगळं.

सिल्व्हर लायनिंगची गोष्ट प्रत्येक फॅन गेमवाल्याने वाचावी. २००२ मध्ये किंग्ज क्वेस्टचा नववा भाग म्हणून सुरू केला, २००५ मध्ये हक्क असलेल्या व्हिव्हेंडी कंपनीची नोटीस आली, चाहत्यांनी पत्रं लिहून लिहून कंपनीला वळवलं, परवानगी मिळाली पण किंग्ज क्वेस्ट हे नाव सोडावं लागलं. मग हक्क गेले ॲक्टिव्हिजनकडे, फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा नोटीस, पुन्हा बोलणी, आणि पहिला भाग आला जुलै २०१० मध्ये. एका टीमची आठ वर्षं अशी टांगणीला लागली होती. ते नशीबवान, कारण शेवटी परवानगी तरी मिळाली. निंटेंडोच्या मेट्रॉइड २ या गेमचं चाहत्याने केलेलं रूप ऑगस्ट २०१६ मध्ये आलं आणि लगेच निंटेंडोने उतरवायला लावलं.

करूच नका असं मी म्हणत नाहीये. पण टाकणार असाल तर देणगीचं बटणसुद्धा नको, मूळ गेमच्या फाइलींमधून उपसलेली चित्रं किंवा संगीत नको, नावातच मूळ गेमचं नाव मिरवायला नको, आणि मालकाने सांगितलं की त्याच दिवशी उतरवायची तयारी हवी. ही तयारी नसेल तर जुना_खेळाडू म्हणतात ते बरोबर.

पिक्सेलवेडा:

तयारी आहे. प्रत्येक पिक्सेल मी काढलाय, संगीत माझ्या बहिणीने केलंय, पैशाचा प्रश्नच नाही. आणि एक फरक मला महत्त्वाचा वाटतो, अख्खा गेम पुन्हा करणं म्हणजे मूळ मालाला पर्याय उभा करणं, पाऊण तासाच्या एपिसोडने मूळ गेमचं एकही गिऱ्हाईक तुटत नाही, झालं तर कुणीतरी मूळ गेम विकत घेऊन खेळेल.

कलम_बावन्न:

फरक आहे, न्यायालयात तो मांडताही येईल. पण नोटीस येते तेव्हा न्यायालयापर्यंत कुणीच जात नाही, तेवढं लक्षात असू द्या.

फुरसुंगीचा_सायकलवाला:

फॅन गेमच करायचा तर अमेरिकेतल्या घरात कशाला जायचं हो? फाफे, म्हणजे फास्टर फेणे, आहे ना आपला! बनेश फेणे, सायकल, पुणं, विद्याभवन, आणि ट्टॉक! खिशात काय काय असतं त्याच्या, इन्व्हेंटरी (गेममधली वस्तूंची पिशवी) तयारच आहे. असा गेम आला तर माझ्या वयाचे सगळे रात्रभर बसतील. धागाकर्त्याच्या बाजूने मत, फक्त पात्रं आपली घ्या.

कलम_बावन्न:

कल्पना मलाही फार आवडली, पण फाफेचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले आणि आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. विचारल्याशिवाय नको. मात्र इथे विचारता येतं हा मोठा फायदा आहे, परदेशातली कंपनी उत्तर देत नाही, मराठी लेखकाचे घरचे किंवा प्रकाशक पत्राला उत्तर देतात. विचारायचं नसेल तर नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेला, त्याच्या मूळ गोष्टी खुल्या आहेत, पण भागवतांनी केलेली मराठी रूपं खुली नाहीत, ती वाक्यं उचलायची नाहीत.

ती_कोडवाली:

मी या वादात धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण मराठीत करायचा विषय निघालाच आहे तर कामाचं सांगते, कारण इथे बरेच जण अडकतात. एजीएसमध्ये युनिकोड, म्हणजे मराठीसारख्या लिपींची अक्षरं ओळखायची सोय, आलं ते ३.६ आवृत्तीत, २०२३ ला. पण अक्षरं जुळवायचं काम ते करत नाही. "किल्ली" लिहिलंत की वेलांटी क च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि ल्ल चे दोन ल पाय मोडून सुटे उभे राहतात. यावर तीन वाटा आहेत. एक, मोजकीच वाक्यं असतील तर ती चित्र म्हणून काढा. दोन, गोडो ४ हे दुसरं गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घ्या, त्यात देवनागरी व्यवस्थित जुळते, पण ॲडव्हेंचर गेमची सगळी यंत्रणा, म्हणजे क्रियापदांची बटणं, संवादाचे पर्याय, वस्तूंची पिशवी, हे तुम्हाला उभं करावं लागेल किंवा कुणाचं तरी प्लगइन शोधावं लागेल. तीन, आणि ही मला सगळ्यात आवडते, डीटीपीवाले वापरायचे तसले जुने फॉन्ट, शिवाजी वगैरे. त्यात प्रत्येक तुकडा इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो, वेलांटी आपण आधीच टाइप करतो, त्यामुळे इंजिनला काही कळायची गरजच नाही, ते आपलं ए बी सी डी समजून छापत जातं. फॉन्ट गेमसोबत वाटायची परवानगी आहे ना ते बघून घ्या, नसेल तर स्वतःचा पिक्सेल फॉन्ट काढा.

पिक्सेल फॉन्ट काढताना उंची जपा. ३२० बाय २०० च्या पडद्यावर इंग्रजी आठ पिक्सेलमध्ये बसतं, आपल्याला वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे चौदा-सोळा तरी लागतात. संवादाच्या दोनच ओळी मावतात मग, म्हणून वाक्यं छोटी लिहावी लागतात आणि त्याने संवाद सुधारतात हा माझा अनुभव आहे.

आणि एक. विंडोजची नुसती एक्सई फाइल टाकलीत तर अनोळखी प्रोग्राम म्हणून इशारा येतो आणि निम्मे लोक तिथूनच परत जातात. ३.६ मधून वेबसाठीही बिल्ड काढता येतं, ते ठेवा, ब्राउझरमध्येच खेळतील.

न्यूजर्सीकर:

+१ वेब बिल्डला. माझ्या मुलाने फोनवर खेळायला मागितला, एक्सई त्याच्या काय कामाची.

जुना_खेळाडू:

गेम उतरवून खेळलो, पूर्ण केला. आता जास्तच असहमत आहे, पण कारण बदललं.

तुमच्या गेममधलं सगळ्यात चांगलं कोडं म्हणजे लाइट परत आणणं. किटकॅट फ्यूज (जुन्या घरांतला चिनी मातीचा, आत तार बसवायचा) उपसायचा, जळालेली तार काढायची आणि गिटारच्या तुटलेल्या तारेतला एक धागा तिथे गुंडाळायचा. हे कोडं अमेरिकेतल्या माणसाला सुचणारच नाही, त्याच्या घरात तसा फ्यूज नसतो. ते तुमच्या घरातून आलंय. आणि तरी तुम्ही ते नेऊन डॉक्टर फ्रेडच्या तळघरात बसवलंत, जिथे तो फ्यूज असायचं काहीच कारण नाही. बाकीच्या चार खोल्यांमध्ये मला मूळ गेम आठवत राहिला, या एका खोलीत तुम्ही दिसलात. म्हणून म्हणतो, पात्रं सोडा, पुढचा गेम चाळीत करा, वाड्यात करा, सोसायटीच्या मीटर रूममध्ये करा.

एक तक्रार पण आहे. तुटलेली तार स्टेजवर पडलीय ती दोनच पिक्सेलची आहे आणि फळीच्याच रंगाची आहे. मला माउस सगळीकडे फिरवत शोधावी लागली.

पिक्सेलवेडा:

तारेचा रंग आजच बदलतो, वेब बिल्डसोबत नवीन आवृत्ती टाकतो.

फ्यूजबद्दल मात्र माझं म्हणणं तेच राहील. बँडची तालीम, गिटार, तळघर हे सगळं आयतं होतं म्हणूनच मला फ्यूजपाशी थांबून विचार करायला वेळ मिळाला, कोऱ्या पडद्यावर मी अजून नायकाचं नावच ठरवत बसलो असतो. आणि गेम जाहीर टाकला नसता तर कुठली खोली माझी वाटते हे मला कुणी सांगितलं असतं? मीटर रूमची कल्पना मात्र घेतोय. कोडवालीताई, तुमच्या त्या पिक्सेल फॉन्टची फाइल मिळेल का, जोडाक्षरांसकट?