साबरमती आणि आपली खाडी

ठाण्यातही खाडीकाठी अहमदाबादच्या साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट (काठाला भिंती घालून केलेली फिरायची जागा) करावा, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. अहमदाबाद १४११ साली नदीच्या पूर्व काठावर वसलं. १८९२ च्या एलिस पुलानंतर पश्चिमेकडे वाढत गेलं आणि आता नवं शहर बरंचसं तिकडेच आहे. पण पावसाळा सोडला की साबरमती मुळात कोरडी. आज दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि वासणा बंधाऱ्यामुळे शहरात साठून राहतं. म्हणून तिथे दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालता आल्या. आमच्या ठाण्याच्या खाडीला रोज भरती-ओहोटी असते. तिचा काठ म्हणजे चिखल आणि तिवरं, फ्लेमिंगो येतात ते त्या चिखलासाठीच! २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे भिंत घातली तर भरतीचं पाणी पसरायला जागा कुठे उरणार? आधीच मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाले तुंबतात. लोकांनी खाडीपाशी जावं असं मलाही मनापासून वाटतं. त्यासाठी ऐरोलीच्या खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रासारखी ठिकाणं कळवा, कोपरीकडेही मागूया.