मोगरा ‘काढायचा’, तोडायचा की खुडायचा?

सांजवात
आईला यंदा ७५वं लागलं. तिच्या लहानपणच्या आठवणी ती सांगते, मी टंकते, असा उद्योग संक्रांतीपासून चालू आहे. घरातल्यांपुरती छोटी पुस्तिका करायची आहे. परवा चैत्राचं प्रकरण झालं. तिचं वाक्य जसंच्या तसं देते: "चैत्र लागला की उजाडायच्या आत उठायचं, तुळशीपुढं चैत्रांगण काढायचं, मग परसातला मोगरा काढायचा, विहिरीचं पाणी काढायचं, की झाली सकाळ."
भाच्याला (वय ११, मुक्काम बंगळूर) वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजी मोगऱ्याचीपण रांगोळी काढायची?" म्हणून वहिनीनं पेन्सिलीनं दुरुस्ती केली, ‘मोगरा तोडायचा’. आईनं ते पाहिलं, चष्मा उतरवून ठेवला आणि म्हणाली, "मी जन्मात फूल तोडलेलं नाही."
आता वहिनी गप्प, आई गप्प, आणि कागद माझ्याकडे. पोरांना कळेल आणि आईलाही चालेल असं क्रियापद कोणतं? आणि फुलं ‘काढणं’ हे फक्त आमच्या वाईकडचं आहे का?

तळटीप
वाईचं कसलं, पुण्यातही फुलं काढतातच. तोडायचे ते संबंध, लचके आणि अकलेचे तारे. बागेतली पाटी आठवा: ‘फुले तोडू नका’. ‘काढू नका’ अशी पाटी मी तरी पाहिलेली नाही. म्हणजे जे करू नये ते तोडणं, आणि देवासाठी करतो ते काढणं. बांगडी फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो, नारळ फोडत नाही, वाढवतो. त्याच घरातलं हे वळण आहे. आईंचा शब्द बदलू नका. भाच्याला मराठी शिकवा.

वऱ्हाडी ठेचा
म्हणजे आम्ही सगळे लचके तोडणारे झालो! अकोल्याकडे आमची आजी रोज म्हणायची, "देवापुरती दोन फुलं तोडून आण नं बाबू." तिच्याएवढी देवभोळी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि आता कोणी "तो हिंदीचा परिणाम" म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. शेतकऱ्याला विचारा. झेंडूचा पहिला तोडा, दुसरा तोडा. मिरचीचा तोडा, वांग्याचा तोडा. ही कोणती हिंदी? फुलं ज्याच्या शेतात पिकतात तो तोडतो, आणि ज्याच्या कुंडीत चार येतात तो काढतो.

तळटीप
शेवटचं वाक्य झोंबलं, पण तोडा हा पिकाचा शब्द आहे, पूजेचा नाही.

वऱ्हाडी ठेचा
पूजेचा झेंडू काय आभाळातून पडतो?

रानजाई
‘वेचणं’ कोणीच घेतलं नाही. पण ते खाली पडलेल्या फुलांचं, म्हणजे प्राजक्त किंवा बकुळ. मोगरा वेचला असं म्हटलं तर तो वाळून गळलेला वाटतो.

जुनी वही
रानजाई, ज्ञानेश्वरांच्या अभंगातला मोगरा दारातल्या वेलावर आहे आणि तिथे ‘फुले वेचिता’ असंच आहे. वेचणे आलं संस्कृत ‘वि + चि’वरून. पुष्पचयनातला ‘चि’ तोच. मूळ अर्थ निवडून गोळा करणं, मग ते जमिनीवरून असो की झाडावरून. कापूससुद्धा बोंडातूनच वेचतात, खाली पडायची वाट बघत नाहीत. जमीन या शब्दाला नंतर चिकटली. तोडणे हे ‘त्रोटयति’वरून, काढणे हे प्राकृत ‘कड्ढ’वरून, म्हणजे ओढणं. तेव्हा व्युत्पत्तीनं पाहिलं तर काढणंही फार हळुवार नाही. आईंना हे सांगू नका.

पहाटपाळी
विक्रमगडचा आहे, घरी मोगऱ्याची शेती. तुम्ही सगळे फूल फूल म्हणताय म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे फूल हा शब्दच नाही, ‘कळी’. "कळी किती निघाली?" असं विचारतात. पहाटे अंधारात, कपाळाला बॅटरी लावून खुडायला जातो. उमललेलं कोणी घेत नाही. पांढरी, टपोरी, पण मिटलेली कळी हवी. सकाळी दादरच्या बाजारात पोचली पाहिजे आणि संध्याकाळी बाईच्या केसात उमलली पाहिजे. देठ नखाने खुडायचा, ओढला तर शेजारची बारकी कळीपण जाते, म्हणजे उद्याचा माल गेला. मेथी खुडतात तसंच. माझं मत खुडणे.

सांजवात
हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खुडतात ती तुळस. पण पोराचं बरोबर आहे, ओढायचा नाही." आणि मग दुसरंच सुरू झालं. मोगऱ्याची पहिली ओंजळ देवाला, दुसरी माठात वाळ्याबरोबर, आणि उरलेली दोन फुलं आजोबांच्या उशाशी. आजोबांना म्हणे वासानं झोप लागायची, आणि आजीला त्याच वासानं डोकं धरायचं. हे चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

ओवळ
वेंगुर्ल्याकडून नमस्कार. वसंत म्हटल्यावर सुरंगीला कोणी विचारलंच नाही! कळी उमलायच्या आधी गाठायची, म्हणून बाया-माणसं पहाटे झाडावर. फुलं फांदीलाच चिकटून येतात, लांब देठ नसतो. तिथे तोडणं-काढणं कसलं, हात फिरवून ओरबाडत नाही इतकंच. त्यांचा वळेसर एकदा घरात आला की दोन दिवस कपाट उघडलं तरी वास.
माझ्या नावाची गंमत सांगते. माझं माहेर पुण्याचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "ओवळाची फुलां देवाक घाल गो." मी हादरले. ओवळ्यातली फुलं देवाला? दोन मिनिटं परडी हातात धरून उभी. मग कळलं, बकुळीला इकडे ओवळ म्हणतात. मधोमध भोक असतंच, सुई लागत नाही, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात नुसती ओवत जायची. त्या ओवण्यावरूनच ओवळ आलं असणार.

जुनी वही
ओवण्यावरून हे गोड आहे, पण प्राकृतात बकुळीला ‘बउल’ म्हणतात. तिथून ओवळ मला जास्त पटतं.

ओवळ
तुम्हाला पटू दे. मी ओवते आहे तीस वर्षं.

तळटीप
‘वळेसर’ किती सुंदर शब्द! आपण सगळ्यांनी ‘गजरा’ टाकून हाच वापरायला हवा. वलय अधिक सर, मोत्याचा सर असतो तसा.

वऱ्हाडी ठेचा
लक्ष्मी रोडवर जाऊन "एक वळेसर द्या" म्हणून बघा. फुलवाली म्हणेल, पुढच्या गल्लीत विचारा.

रानजाई
आणि वलय कशाला? वळून केलेला सर, म्हणजे साधं वळणे. लाडू वळतो, वाती वळतो, तसा. शिवाय गजरा आणि वळेसर एकच का? आमच्या रत्नागिरीत अबोलीची ती वेणी, मोगऱ्याचा तो गजरा. वेणीला गजरा म्हटलं की आत्या अजून टोकते.

तळटीप
मूळ विषयाकडे: मला आता वाटतं, जे जिवंतातून आपल्याला मिळतं ते आपण ‘काढतो’. दूध काढतो, मध काढतो, फुलं काढतो.

वऱ्हाडी ठेचा
दात काढतो. कर्ज काढतो. बायकोच्या माहेरचा विषय काढतो.

सांजवात
हसून हसून पुरेवाट. पण मंडळी, कागद मंगळवारी छापायला द्यायचे आहेत. सध्या ‘काढायचा’ ठेवलंय आणि वहिनीनं शेजारी प्रश्नचिन्ह ठेवलंय. तळटीप द्यावी का? (तुम्ही नव्हे, खरी.)

वऱ्हाडी ठेचा
द्या. फक्त ‘तोडणे’ला पूर्ण हाकलू नका. आमच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहरासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, थंडीत पाणी तोडतात, म्हणजे द्यायचं बंद करतात. झाडाला ताण बसला की मगच फुटतं, पांढऱ्या फुलांनी बाग घमघमते. पाणी तोडल्याशिवाय फूल नाही. मग आईंच्या वाक्यात...

रानजाई
थांबा, हे मोगऱ्यालाही लागू आहे का? माझी कुंडी दोन वर्षं नुसती पानं काढतेय. (पानं ‘काढतेय’, बघा.) आता पाणी तोडू का?

पहाटपाळी
आता नको, ऊन वाढलंय. ते थंडीत करायचं. सध्या शेंडे छाटा, मूठभर शेणखत घाला आणि कुंडी गॅलरीच्या आतून बाहेर आणा. ऊन किती वेळ येतं?

रानजाई
सकाळी दोन तास. समोर नवीन बिल्डिंग झाली.

पहाटपाळी
मग कुंडी गच्चीवर न्या.