लॉकडाऊनमधल्या स्वच्छ हवेनं नक्की काय सिद्ध केलं?

कर्वेनगरकर
परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एप्रिल २०२० मध्ये गच्चीवरून काढलेला सिंहगडाचा फोटो टाकला. गडावरचा टीव्हीचा मनोरा काडीसारखा लख्ख दिसतोय. आज त्याच गच्चीवरून गड कुठे संपतो आणि धुरकं कुठे सुरू होतं, कळत नाही.

२५ मार्चला देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत हवा निवळली. दिल्लीत पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल शिरणारे हवेतले बारीक कण, जवळपास निम्म्यावर आलं. जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची बर्फाळ शिखरं दिसली. म्हणजे ही घाण आपण रोज सकाळी गाडीला स्टार्टर मारून सोडतो, हे उघड झालं. आठवड्यातून एक दिवस खासगी गाड्या बंद करा, पार्किंगचे दर चौपट करा, पेठांमध्ये कायमची वाहनबंदी आणा. माझ्या मुलीला दमा आहे. त्या दोन महिन्यांत तिला एकदाही नेब्युलायझर लावावा लागला नाही.

हवामानवेडा
मुलीचं वाचून खरंच बरं वाटलं. पण तेव्हा शाळाही बंद होती. लहान मुलांचा दमा बऱ्याचदा साध्या विषाणूच्या सर्दीनं उफाळतो, आणि ती सर्दी वर्गातूनच घरी येते. हवेचं श्रेय किती आणि बंद शाळेचं किती, हे कसं ठरवणार?

फोटोंचंही तेच. एप्रिलमध्ये जमीन तापते, हवा उंचावर मिसळते, धूर विरतो. हिवाळ्यात थंड हवेचं झाकण बसतं आणि तो खाली कोंडतो. एप्रिल २०२० ची तुलना एप्रिल २०१९ शी करायची, जानेवारीशी नाही. तशी केली तरी इंधनाच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात घटलेला दिसतो, उपग्रहांनीही ते टिपलं. इथपर्यंत तुमच्याशी सहमत. पण अनेक शहरांत जमिनीलगतचा ओझोन वाढला, आणि तो श्वासाला वाईटच. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोन संपवतो, तो कमी पडला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीजिंगचे रस्ते ओस असताना तिथे दाट धुरकं पडलं. हवा दमट आणि स्थिर होती, वायूंपासून हवेतच कण तयार होत होते. गाड्या थांबल्या की आकाश निळं, इतकं ते सोपं नाही.

चंद्रपूरची वाचक
या चर्चेत कोळसा कुठेच नाही. वीज अत्यावश्यक सेवा. मागणी घटली म्हणून कोळसा कमी जळला, पण औष्णिक केंद्रं काही थांबली नाहीत. त्यातला गंधक डायऑक्साइड वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत त्याचे बारीक सल्फेट कण होतात. तुमच्या शहराच्या पीएम २.५ मध्ये तेही असतात. केंद्रांनी हा वायू किती सोडायचा याचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, दोन वर्षांची मुदत होती. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. पेठेत गाड्या बंद करून यातलं काय बदलणार?

रिक्षावाल्याची मुलगी, घाटकोपर
मला त्या निळ्या आकाशाचे फोटो बघवत नाहीत. बाबांची रिक्षा दोन महिन्यांहून जास्त उभी होती. हप्ता थकला, आईचं मंगळसूत्र गहाण गेलं. शेजारची माणसं सामान डोक्यावर घेऊन हायवेनं चालत गावाला निघाली. ते दिवस स्वच्छ हवेचा नमुना म्हणून कुणी दाखवले की पोटात तुटतं.

कर्वेनगरकर, गाड्या कमी व्हाव्यात हे मलाही हवंय. पण आधी बस द्या. २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवर आणलं होतं, मे २०२५ मध्ये ते १० झालं. ज्या दिवशी तुम्ही गाड्या बंद कराल त्या दिवशी स्टॉपवर तासभर कोण उभं राहणार? आम्हीच.

कर्वेनगरकर
ताई, तुमचं म्हणणं लागलं. फोटो टाकताना या बाजूनं मी विचारच केला नव्हता. आठवड्याच्या वाहनबंदीची मागणी मागे घेतो. बस आधी, बंदी नंतर.

पण हवामानवेडा, ओझोन वाढला याचा अर्थ गाड्या हव्यात असा होत नाही. ओझोन बनायला लागणाऱ्या पेट्रोलच्या आणि रंग-थिनरच्या वाफाही सोबतच कमी कराव्या लागतील, असा होतो. नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसाला स्वतःच घातक आहे आणि तो घटला हे तुम्हीही मानता. उलट आपण पैसे कशावर घालतोय ते बघा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातला सुमारे ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. पाणी मारायचं, झाडू फिरवायचा. धुराच्या वाट्याला फार थोडं आलं.

हवामानवेडा
खर्चाबद्दल पूर्ण सहमत. तरी धूळ अगदी खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली.

माझी मुख्य अडचण वेगळी आहे. लॉकडाऊनमध्ये गाड्या, बांधकामं, वीटभट्ट्या, हॉटेलांचे तंदूर, सगळं एकदम बंद झालं. एकाच वेळी दहा नळ बंद केल्यावर गळती कुठल्या नळाची होती, ते कसं सांगणार?

कर्वेनगरकर
मग एकच नळ बंद करून बघू. डिसेंबरमध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो. २०२१ पासून सुरू आहे. गाड्या बंद, दुकानं चालू, हॉटेलं चालू, कुणाचा रोजगार बुडत नाही.

हवामानवेडा
हे पटलं. पण त्या एका दिवशी मोजून भागणार नाही. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला, त्याच कोपऱ्यावर मोजायचं. शेजारच्या ज्या रस्त्यावर गाड्या वळवतात तिथेही एक यंत्र हवंच, नाहीतर धूर फक्त गल्ली बदलेल आणि आपण खूश होऊ. माझ्याकडे पीएम २.५ चं छोटं यंत्र आहे. दुसरं कुणाकडे असेल तर इथे लिहा.