बागायतदाराने वेबसाईटवर माणसं आणायला जाहिरातीत पैसे घालावेत का?

कातळसडा

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. भाऊ बाग सांभाळतो, विक्री माझ्याकडे. बराचसा माल अजून वाशीच्या घाऊक बाजारातच जातो, पण काही हंगामांपासून घरपोच पेट्याही पाठवतो आणि त्यासाठी वेबसाईट केली आहे. मध्यंतरी एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, मार्च ते मे जाहिराती चालवू, रोज हजार माणसं साईटवर आणून देतो, शिवाय गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी. मी नाही म्हटलं. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं की एवढ्याशा धंद्याला हंगामात जाहिरात परवडतच नाही. एप्रिलमध्ये 'देवगड हापूस' शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसावी म्हणून गूगलवर या शब्दांसाठी सगळेच बोली लावतात. किराणावाली मोठी ॲप त्यात असतात आणि ज्यांनी आंब्याचं झाड लांबूनच पाहिलंय असे व्यापारीही असतात. समजा एक क्लिक २० रुपयांना पडली आणि शंभरातल्या दोघांनी पेटी घेतली. झाले २००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६०. पेटीमागे ११८०. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेला कर वळताही करून घेता येत नाही. पाच डझनाच्या पेटीतून खोका, पेंढा, कुरिअर आणि वाटेत खराब होणारी फळं वजा केली की ११८० रुपये राहतात कोणाकडे?

त्यापेक्षा साईटवर लिहावं, आणि तेही वेळेत. नवं पान गूगलला सापडून वर यायला बहुधा महिने लागतात. मार्चमध्ये लिहिलेलं जूनमध्ये वर आलं तर ते वाचायला बेडूक येणार. आमच्याकडे गणपती ते दिवाळी हा लिहायचा काळ. विषय शोधावे लागत नाहीत, हंगामभर फोनवर तेच प्रश्न असतात. पेटी आली की आढी कशी लावायची, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत कसे घालायचे, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवू नये, वरून पिवळाधमक आणि आत साका, म्हणजे पांढरट न पिकलेला गर, असं का होतं. प्रत्येक प्रश्नाचं एक पान करावं. लोक हे शोधतातच.

हिशेबी

गॅरंटीवाल्याला नाही म्हणालात ते बरं केलंत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. पण बाकी हिशेब मला पटला नाही.

तुम्ही ११८० रुपये एका पेटीवर टाकताय. तो खर्च गिऱ्हाईक मिळवण्याचा आहे, पेटीचा नव्हे. आंबा आवडला तर तेच घर पुढच्या वर्षी परत घेतं, भावाला सांगतं, ऑफिसात सांगतं. पहिल्या पेटीत शून्य सुटलं तरी चालेल. न परतणारी गिऱ्हाइकं किती, हे आधी काढा आणि मग बोला.

दुसरं, जाहिरात महाग पडते ती बहुतेकदा नीट न लावल्यामुळे. गूगल ॲड्समध्ये पुणे निवडलंत तरी मूळ सेटिंग 'पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस असलेले' असं असतं. ते बदलून फक्त 'तिथे असलेले' करावं लागतं. शब्दांचंही तसंच. मोकळं सोडलंत तर 'हापूस कलमे', 'आजचा वाशी भाव', 'आमरस रेसिपी' शोधणारेही तुमच्या पैशाने येतील. हे शब्द वगळायची यादी असते, ती भरा. जिथे दुसऱ्या दिवशी माल पोचतो तेवढेच पिनकोड ठेवा. मग शंभरात दोनच का, हे पुन्हा बघा.

मुक्काम_वाशी

वेबसाईटच कशाला? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग फुकट आहे. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी धरा, गेटवर एक टेम्पो उतरतो. आमच्या ओळखीतले बागायतदार असंच विकतात. त्यांची साईट नाही, एजन्सी नाही, पावसाळ्यात बसून निबंध लिहिणंही नाही.

भाऊ_बिनकामाचे

मेल्यांनू, आंबो चांगलो असलो तर गिराईक इचारीत येता.

हिशेबी

@भाऊ_बिनकामाचे, इचारीत येता, आणि गूगलवर इचारता. तिथे वर कोण दिसता त्यावर वाद चाललोहा.

कातळसडा

@मुक्काम_वाशी, सोसायटीचं गणित मान्य, आम्हीही करतो. पण सेक्रेटरी बदलला की सोसायटी गेली. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्टची एक यादी २५६ जणांची, तीही ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचते. लोकांनी वैतागून रिपोर्ट केलं तर नंबरच बंद व्हायची भीती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास ठप्प होते. ऑक्टोबर होता म्हणून आम्हाला कळलंही नाही. एप्रिलमध्ये झालं असतं तर? जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथेच होतं त्यांना विचारा.

@हिशेबी, पिनकोडचं आणि वगळायच्या शब्दांचं लक्षात घेतो. पण 'पहिल्या पेटीत शून्य सुटलं तरी चालेल' हे पगारदार माणूस बोलू शकतो. थ्रिप्सच्या किडीने मोहोर गेला तर पुढच्या वर्षी त्या गिऱ्हाइकाला द्यायला आंबाच नसतो. मग ते ११८० कुठून वसूल करू?

हिशेबी

पगारदार नाही, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पण मोहोराचा मुद्दा बरोबर. तो मी धरला नव्हता.

जिलबी

दोघांचंही एका बाजूने चुकतंय.

माझं काम साईटवरचा मजकूर लिहिण्याचंच आहे, म्हणून सांगते. 'आंबा कसा पिकवावा' या पानावर कातळसडा विसंबून असतील तर थोडं थांबावं. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच्या वर एआयने लिहून देतं. पेंढ्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको, एवढं वाचून माणूस तिथूनच मागे फिरतो. सर्वसाधारण माहितीच्या पानावरची वर्दळ आता भरवशाची नाही.

जे उत्तर फक्त तुमच्याकडेच आहे ते लिहा. यंदा तुमच्या बागेत मोहोर कधी आला, पहिली काढणी कधी, पावसाने किती फळ डागाळलं, पायरी संपली का. फेब्रुवारीत असं एक पान टाकायचं आणि दर आठवड्याला तारीख घालून त्यातच भर घालायची. हे कुठलंही यंत्र तुमच्याआधी लिहू शकत नाही, आणि ते वाचायला येणारा माणूस पेटी घ्यायच्या विचारातच असतो. फोटो मात्र लहान करून टाका. मोबाईलवरून थेट चढवलेला चार-पाच एमबीचा फोटो उघडेपर्यंत लोक दुसरीकडे जातात.

आणि कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, गूगल मॅपवरच्या नोंदीवर फार भिस्त ठेवू नका. ती फुकट आहे, करा जरूर. पण तिथे निकाल लावताना अंतर बघितलं जातं. बाग देवगडला आणि गिऱ्हाईक कोथरूडला. कोथरूडमधल्या माणसाला नकाशा कोथरूडचाच फळवाला दाखवणार.

मुक्काम_वाशी

नकाशावर रिव्ह्यू तरी वाढवा. पाच तारे देईल त्याला अर्धा डझन फुकट.

जिलबी

तेवढं करू नका. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, काढून टाकतात. पेटी पोचल्यावर दोनतीन दिवसांनी नुसतं 'कसे निघाले?' विचारा आणि लिंक द्या. ज्यांचे खराब निघाले तेही लिहितील, लिहू द्या. त्याखाली तुम्ही काय उत्तर देता ते लोक वाचतात.

न्यूजर्सीकर

एक वेगळी बाजू. मी इथून दरवर्षी असल्या साईट बघतो. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून परत यायला लागला, पण विकिरण प्रक्रिया करून, विमानाने, आणि भाव असा की डझन घेताना बायको माझ्याकडे बघते. तुमच्याकडून मी इथे काही मागवू शकत नाही. तुमच्या आकडेवारीत मी 'वाया गेलेला व्हिजिटर' म्हणून दिसत असेन.

पण माझे आईवडील डोंबिवलीत आहेत. त्यांना पेटी पाठवायची असते आणि पैसे मला भरायचे असतात. यूपीआय माझ्याकडे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं तर तुमची रात्र असते. परदेशी कार्ड घेणारी आणि 'पेटी कोणाला, पैसे कोणाचे' असे दोन वेगळे रकाने असलेली साईट शोधता शोधता माझी संध्याकाळ जाते. बहुतेकांच्या साईटवर माझं कार्डच चालत नाही. @मुक्काम_वाशी, म्हणून वेबसाईट.

कातळसडा

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पेमेंट गेटवेवाल्याला आंतरराष्ट्रीय कार्डांचं विचारतो, त्याला वेगळी परवानगी लागते असं ऐकून आहे.

कोथरूडची_काकू

माणसं कशी आणायची यावर इतकी चर्चा चाललीय, आलेली माणसं परत का जातात ते कोणीच विचारत नाही. मी गिऱ्हाईक आहे, मी सांगते.

दरवर्षी तीनचार साईट उघडते. निम्म्यांवर भावच नसतो, 'दरासाठी संपर्क करा' एवढंच. मी संपर्क करत नाही, पुढची साईट उघडते. ज्यांच्यावर भाव असतो त्यांचा कुरिअर खर्च शेवटच्या पायरीला उगवतो. मग फळाचं वजन दिलेलं नसतं. पाच डझन म्हणजे दोनशे ग्रॅमचं फळ की तीनशेचं? आणि हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा गळ्यात पडण्याचं भय तर असतंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे. पण नोंदणी क्रमांक साईटवर ठळक लिहिणारे किती? सगळ्यांकडे तोच एक कापलेल्या आंब्याचा चकचकीत फोटो. तुमच्या बागेचा, तुमच्या भावाचा, खोका भरतानाचा फोटो टाका की. रोज हजार माणसं आणून त्यांना 'संपर्क करा' दाखवणार असाल तर जाहिरात काय आणि लेख काय.

कातळसडा

काकू, राग मान्य, पण भाव न लिहिण्याला कारण आहे. मार्चमध्ये पहिली पेटी येते तेव्हाचा भाव आणि मेमधला भाव यात जमीन-अस्मान असतं. वाशीत आवक वाढली की चार दिवसांत खाली येतो. आज लिहिला आणि उद्या उतरला तर काल घेतलेला माणूस भांडायला येतो.

कोथरूडची_काकू

सोनाराच्या दुकानात रोज भाव बदलतो, पाटीवर लिहिलेला असतो. काल घेतलेली बाई आज भांडायला जात नाही. तारीख टाका, वजन टाका, घरपोच धरून किती ते टाका. भाव उतरला तर मी वाट बघेन, पण तुमच्याच साईटवर रोज येऊन बघेन ना! फुकटची वर्दळ.

जिलबी

काकूंनी माझा धंदा बसवला. मी सुचवलेल्या बागेच्या बातम्यांच्या पानावर वरती भावाची ओळ टाका, दोन्ही एकत्र होईल.

मुक्काम_वाशी

भाव उघडा टाकलात की शेजारचा बागायतदार पन्नास रुपये कमी करून टाकणार. हे ऑनलाईनवाल्यांना कळत नाही. गावात राहायचंय त्यांना.

कातळसडा

हे मात्र खरं आहे. आमच्याच वाडीत झालंय.

हिशेबी

तो पन्नास रुपये कमी करेल आणि काकू त्याच्याकडे जातील का? त्याने जीआय क्रमांक, फळाचं वजन, बागेचा फोटो टाकला नसेल तर नाही जाणार. तुम्ही त्याच्याशी पन्नास रुपयांवर झुंजायला गेलात तर मग अर्थ नाही.

आता माझ्या जाहिरातीच्या मुद्द्यावर परत येतो. कातळसडा, एप्रिलमध्ये जाहिरात नको हे मी मान्य करतो, पण वेगळ्या कारणाने. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तुमच्याकडे मालच पुरत नसेल. माल कमी असताना माणसं विकत आणायची कशाला? जाहिरात मेच्या मध्यावर लावा. तेव्हा आवक धो धो असते, भाव पडलेला असतो, बोली लावणारेही कमी झालेले असतात, त्यामुळे क्लिक स्वस्त पडायला हवी. पावसाआधी जेवढं झाडावरून उतरेल तेवढं विकायचंच असतं.

जिलबी

मेच्या मध्यावर पुण्यामुंबईचे निम्मे लोक गावाला गेलेले असतात, उरलेल्यांचं आंब्यांनी पोट भरलेलं असतं. स्वस्त क्लिकवर न घेणारा माणूस आला तर तोही महागच.

हिशेबी

म्हणून तर लहान रकमेवर करून बघायचं. दोन-तीन पिनकोड, ठरावीक रोजचा खर्च, आणि प्रत्येक ऑर्डरला 'आम्ही कुठून कळलो' एवढा एकच प्रश्न. त्याशिवाय नुसतं मतावर मत चालू राहील.

कातळसडा

मेमध्ये उरलेलं फळ आम्ही कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, किलोवर घालतो. भाव कमी, पण खोका नाही, पेंढा नाही, कुरिअर नाही, 'काका, दोन आंबे दबलेत' असा रात्री दहाचा फोन नाही. गाडी येते, वजन होतं, पैसे ठरतात.

हिशेबी

मग आकडा तिथेच आहे. एका पेटीतलं फळ कॅनिंगला दिलं तर काय मिळतं, आणि तीच पेटी मेमध्ये घरपोच गेली तर सगळा खर्च जाऊन काय राहतं. या दोन्हींतला फरक म्हणजे जाहिरातीला परवडणारी कमाल रक्कम. फरक दोनशे रुपये निघाला तर मी माझं मत मागे घेतो. सहाशे निघाला तर तुम्ही घ्या.

कातळसडा

फोनच्या त्रासाचे पैसे धरायचे की नाही ते आधी ठरवा.

हिशेबी

धरा. माझ्या दुकानात मीही धरतो.

भाऊ_बिनकामाचे

आणि आमका चवीक एक पेटी धाडा, मगे रिव्ह्यू लिवतंय. पाच तारे नाय, आंबो बघान काय ता.